खणाची झालर

मी एक पोहण्याचा पोशाख आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचा, आकाशी रंगाचा, छातीवर एक पिवळा मासा असलेला. दुकानात मला कॉस्च्यूम म्हणायचे. घरात आजी मला नुसतं 'ते' म्हणते. 'ते वाळलं का', 'ते आत ठेव', असं. सध्या माझा मुक्काम लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात, एका कापडी पिशवीत आहे. सोबतीला डांबराच्या गोळ्या आहेत, पण त्या काही बोलत नाहीत. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये, शिलाई मशीनवर झाला. मला शिवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे नीटसं पाहिलंही नाही. त्या शेजारणीला आपल्या मुलीच्या शाळेतल्या गमती सांगत होत्या. पण शिवण मात्र घट्ट मारली. माझं कापड ताणलं की ताणतं, सोडलं की पुन्हा जागेवर येतं, आणि पाणी धरून ठेवत नाही. एवढाच माझा गुण, आणि त्याचा मला अभिमान होता.

मंडईजवळच्या एका बोळातल्या दुकानात मी बरेच दिवस हुकाला लटकून होतो. मग एके दिवशी कादंबरी नावाची एक तरुण आई आली. तिचं माहेर कसबा पेठेत, तिथून ती चालतच आली होती. मालकांनी विचारलं, मुलीला पोहता येतं का? ती म्हणाली, नाही, शिकवायचंय. "मग हा घ्या," ते म्हणाले. "पोहता येणाऱ्याला काहीही चालतं. आणि घरी नेऊन सासूबाईंना आवडला नाही, तर परत घेणार नाही."

त्यांना कसं कळलं, देव जाणे.

कादंबरीला स्वतःला पोहता येत नाही. शाळेच्या सहलींत सगळ्याजणी पाण्यात उतरायच्या तेव्हा ती काठावर बसून चपला सांभाळायची, असं तिनं एकदा नवऱ्याला, रविराजला सांगितलेलं मी ऐकलं आहे. आपली मुलगी काठावर बसायची नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं. त्या मुलीचं नाव संस्कृती.

हे सगळे हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यालगतच्या एका सोसायटीत राहतात. रविराजची आई, आनंदीबाई, मूळच्या लोणी काळभोरच्या. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे फ्लॅटवर राहायला आल्या. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला दोन बोटांत धरून वर उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "आन् बाकीचं कुठाय?"

"एवढंच असतं, आई," कादंबरी म्हणाली.

 आनंदीबाईंनी माझी इतकी बारीक घडी घातली की मी रुमालाएवढा झालो. संस्कृतीनं मात्र मला लगेच उलगडलं, फ्रॉकवरूनच अंगात चढवलं आणि तशीच जेवायला बसली. माझ्या आयुष्यात माझं कुणी एवढं कौतुक केलं असेल, तर तिनंच.

सोसायटीच्या तळमजल्यावर पोहण्याचा तलाव आहे. पुण्यात त्याला टँक म्हणतात. तिथे उन्हाळ्यात लहान मुलांना रोहन सर शिकवायचे. तिथे गेल्यावर मला कळलं की माणसांचं या बाबतीत एकमत नाही. एक मुलगी घोट्यापर्यंत झाकलेली यायची आणि तिची आई वर आणखी टोपी घालायची. एका मुलीचा पोशाख माझ्याहून लहान होता. ललिताताईंचा नातू आयुष नुसत्या चड्डीवर उडी मारायचा आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. ललिताताई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, सोसायटीच्या कमिटीवरच्या. प्रत्येक आईला शेजारचीचं चुकतंय असं वाटायचं आणि प्रत्येक आई ते दुसऱ्या शेजारणीला सांगायची. मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ती थंड पाण्यानं कुडकुडत होती आणि हसत होती.

पाण्यातले ते दिवस माझे सुखाचे. संस्कृती आधी पायरीवर बसून पाय मारायची, मग दांडी धरून, मग सरांच्या तळहातावर पोट टेकून. एकदा सरांनी हात हळूच काढून घेतला आणि ती तशीच तरंगत राहिली. तिचा ऊर माझ्याखाली धडधडत होता. तिच्याइतकाच मीही घाबरलो होतो, आणि तिच्याइतकाच खूशही होतो.

दुःख सुरू व्हायचं ते घरी आल्यावर. गॅलरीत कपडे वाळत घालण्याचं काम आनंदीबाईंचं. बायकांचे आतले कपडे लुगड्याच्या किंवा टॉवेलच्या आड वाळत घालायचे, ही त्यांची जन्माची सवय. मलाही त्या तसंच घालायच्या. आतल्या तारेवर मी, आणि माझ्यावरून त्यांचं नऊवारी लुगडं. बाहेर रविराजचे शर्ट ऊन खायचे, आयुषची चड्डी समोरच्या गॅलरीत वाऱ्यावर उडायची. मी लुगड्याआड ओलसर अंधारात लटकत असायचो. खालून मुलांचा आवाज यायचा. ज्या गोष्टीनं ती मुलगी एवढी आनंदली, ती लपवण्यासारखी का, हे मला कळत नसे. मला फार एकटं वाटायचं. अंगाला कुबट वास यायला लागला, तेव्हा तर लाजही वाटायला लागली.

मग तो फोटो आला. कुणाच्या तरी वडिलांनी आपल्या मुलाचा काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यात पायरीवर बसलेली संस्कृतीही होती, माझ्यासकट. रविराजनं तो जेवताना कौतुकानं आईला दाखवला. आनंदीबाईंनी घास खाली ठेवला. "घरच्या पोरीला घरच्यांनी बघावं," त्या म्हणाल्या. "ह्या फोनात कोण कोण बघतंय, तुला तरी म्हाईत हाय का?"

कादंबरीला राग आला होता, पण हा प्रश्न तिलाही टोचला. तिनं ग्रुपवर फोटो काढून टाकण्याची विनंती केली. त्यावर दिवसभर चर्चा झाली. कुणी म्हणालं, एवढ्याशा लेकरांत काय बघायचंय. कुणी म्हणालं, आमच्या वेळी असलं नव्हतं. कुणी सगळ्या मुलींना पूर्ण पोशाख सक्तीचा करा म्हणालं. मध्येच कुणीतरी फुलांचा गुच्छ पाठवून सर्वांना शुभ सकाळ म्हटलं. फोटो तेवढा बराच वेळ तिथेच राहिला. घरातही दोघी सासूसुनांचं बिनसलं. पोहणं बंद करा, असं आनंदीबाई म्हणाल्या नाहीत. पोरीचे पाय झाकतील असं काहीतरी करते, एवढंच म्हणाल्या.

त्यांनी आपली पेटी उघडली. लग्नकार्यांत ओटीत आलेले खण त्या जपून ठेवत. त्यातला सर्वांत देखणा, लालभडक, घडीही न मोडलेला खण त्यांनी नातीसाठी काढला. नवा खण पहिल्या पाण्यात रंग सोडतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी तो आधी मिठाच्या पाण्यात भिजवला, पिळला, पुन्हा साध्या पाण्यात घालून पाहिला. पाणी स्वच्छ राहिलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. मग चष्मा लावून त्यांनी माझ्या कमरेला गुडघ्यापर्यंतची झालर हातानं शिवली. सुई मला टोचत होती, पण मी त्यांचा राग केला नाही. इतक्या प्रेमानं त्या घरात मला तोवर मोठ्या माणसाचा हात लागला नव्हता.

टँकच्या पाण्यात जंतू मारायचं औषध घातलेलं असतं, ते पक्का रंगही सोडवतं. ते मीठ नव्हे, हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी संस्कृतीनं झालर धरून गिरक्या घेतल्या आणि पाण्यात उतरली. झालर आधी फुग्यासारखी वर आली. मग ती पाणी प्यायली आणि जड होऊन तिच्या पायांभोवती गुंडाळली गेली. मी सारा जीव एकवटून तिला वर धरू पाहत होतो, पण माझ्या हातात काय होतं? तिचे पाय चालेनात. तेवढ्यात पाण्यात लाल रेघा उतरल्या. पसरल्या. काठावरची एक बाई ओरडली की त्या मुलीला लागलंय. सरांनी शिट्टी मारली, सगळी मुलं बाहेर काढली, संस्कृतीला उचलून पायरीवर बसवलं आणि तिचे गुडघे, तळवे, कपाळ तपासलं. कुठे काहीच नव्हतं. मग त्यांचं लक्ष झालरीकडे गेलं. "मॅडम, हे कॉटन आहे," ते कादंबरीला म्हणाले. "कॉटन अलाउड नाही ना."

पाणी बदलेपर्यंत टँक बंद झाला. टॉवेल गुंडाळलेली मुलं एका ओळीत उभी होती. जिच्याकडे कुणी बघू नये म्हणून ती झालर शिवली होती, तिच्याकडे त्या सकाळी झाडून सगळे बघत होते. ती मान खाली घालून माझ्यातून ठिबकणारं लाल पाणी बघत होती.

घरी आल्यावर कादंबरी सासूला एवढंच म्हणाली की मला विचारायचं तरी.  आनंदीबाईंनी संस्कृतीला आंघोळ घातली, गरम शिरा दिला, पाठीवरून हात फिरवला. मला धुऊन, लुगड्याआड वाळवून या पिशवीत घातलं, ते झालरीसकट. पुन्हा टँकचा विषय निघाला नाही.

कपाटात ऋतू कळत नाहीत. गणपतीचे ढोल ऐकू आले, दिवाळीचे फटाके ऐकू आले, दाराच्या फटीतून थंडी आली. माझ्या अंगात झालरीचा रंग उतरला होता आणि पिवळ्या माशाचं शेपूट गुलाबी झालं होतं. एखाद्या दिवशी कपाट उघडायचं, वरची चादर कुणी काढायचं, आणि मी तयार होऊन बसायचो. मग दार लागायचं. कुणाला नकोसं झाल्यावर वाट बघण्याची सवय मोडायला फार वेळ लागतो.

पुन्हा उन्हाळा आला. एका सकाळी कादंबरी मुलीला बूट घालताना सहज म्हणाली, या वर्षी जाऊ या ना टँकवर.

"नको," संस्कृती म्हणाली. "मी गेले की पाणी लाल होतं."

किती साधेपणानं म्हणाली. कपाट उघडंच होतं, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला.  वर्षभर मोठी माणसं खणाबद्दल, फोटोबद्दल, माझ्याबद्दल मनात भांडत राहिली होती, आणि तो लाल रंग कापडाचा होता हे त्या लेकराला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. ती सगळं वर्ष ते एकटीच घेऊन फिरत होती. मला वाटायचं, घरात एकटा मीच आहे.

आनंदीबाई गवार निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं, उठल्या, आणि थेट तळच्या कप्प्यातून मला काढलं. त्या दुपारी, शाळा सुटल्यावर, त्या नातीचा हात धरून खाली गेल्या. टँक बंद होता. ललिताताईंनी किल्ली आणून दिली आणि त्या बाकावर बसून राहिल्या. आनंदीबाईंनी बादली टँकमध्ये बुडवून भरली आणि माझी झालर तिच्यात सोडली. पुष्कळ रंग मागेच गेला होता. तरी थोड्या वेळानं पाणी फिकं लाल झालं.

"बघ," त्या म्हणाल्या. "तू तर काठावर हायस. हे खणाचं हाय, आन् खण मी लावला."

संस्कृतीनं बादलीत बोट घातलं, काढलं, निरखून पाहिलं. मग मला वर उचललं आणि पुन्हा बुडवलं.

"मी बी पोहायची," आनंदीबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "पाठीला भोपळा बांधून, भावांसंगं, आमच्या विहिरीत. येक दिवस चुलतीनं दंडाला धरून वर काढलं. म्हणली, आता पुरं. काय चुकलं ते कुणी सांगितलं न्हाई. म्हातारी झाले, तरी मला वाटतंय, माझंच कायतरी चुकलं आसंल."

ललिताताईंनी मान दुसरीकडे वळवली.

"म्हणजे मी नाही?" संस्कृतीनं विचारलं.

"न्हाई गं बाई. तू न्हाईस."

तिथेच बाकावर बसून त्यांनी झालरीचे टाके उसवले. एकेक टाका निघत गेला तसं मला हलकं वाटलं. आता मला पाण्यात नेतील, असं मी धरून चाललो होतो. घरी जाऊन संस्कृतीनं मला अंगात घालायला घेतलं. मी जमेल तेवढा ताणलो. पण पट्ट्या खांद्यापर्यंत पोचेनात. वर्षभरात ती वाढली होती आणि मी होतो तेवढाच राहिलो होतो.

नव्या पोशाखासाठी मंडईत आनंदीबाई स्वतः गेल्या. हिरवा आणला, गुडघ्यापर्यंतचा, स्वतःच्या हट्टानं. कादंबरीनं तो चालवून घेतला, आणि फोटो काढणाऱ्यांना टँकवर बंदी करायचं कमिटीकडून मान्य करून घेतलं. दोघींचं अजून सगळं पटत नाही. पण संस्कृती दांडी सोडून पोहते. काल कपाटाच्या फटीतून मी बघितलं, आनंदीबाईंनी तो हिरवा पोशाख झटकला, थोडा वेळ हातात धरला आणि बाहेरच्या तारेवर, सगळ्यांच्या पुढे, भर उन्हात घातला. लुगडं मागे होतं.

मी इथेच आहे, पिशवीत. उसवलेली झालर माझ्याच अंगाभोवती गुंडाळून ठेवली आहे. तुमच्या घरातही कपाटाच्या तळाशी माझ्यासारखा कुणीतरी असेल, मूल वाढलं म्हणून मागे राहिलेला. मला पाण्यात न्या, असं मी म्हणत नाही. माझं माप गेलं. पण एकदा, एकच दुपार, मला त्या बाहेरच्या तारेवर घाला. वर काही न पांघरता.