बिनबटणांचा बेंजो

मी एक जुनी पेडल स्टील गिटार आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गळ्यात पट्टा अडकवून उड्या मारणारा तरुण येतो. माझं तसं नाही. मला चार पाय आहेत आणि मी टेबलासारखी आडवी असते. अंगावर दहा तारा, पोटाखाली लोखंडी सळ्यांचं जाळं आणि जमिनीलगत तीन पेडलं. पेडल दाबलं की सळी ओढली जाते, तार ताणली जाते आणि वाजता वाजता सूर वर चढतो. माझ्या तारा बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरून ती तारांवरून फिरवायची आणि उजव्या हाताने छेडायचं. मग माझा सूर तुटत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घरंगळत जातो.

हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ज्यांच्या घरी गेले त्यांना यातलं कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. मुंबईतल्या एका हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या वादकाने मला बोटीने मागवलं. ते दिवस माझ्या तोऱ्याचे होते. मी वाजू लागले की जेवणाऱ्यांचे चमचे थांबायचे. कोणी तरी येऊन वाकून माझ्या पोटाखाली बघायचं आणि वादकाला विचारायचं, "हे आहे तरी काय?" मला ते फार आवडायचं. नंतर एकाच पेटीतून पन्नास वाद्यांचे आवाज काढणारा कीबोर्ड आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते उगाच नाही.

त्या कोपऱ्यातून मला महाडच्या यज्ञेश्वर सरांनी विकत घेतलं. सर शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर काही तरी नवीन शिकायचं त्यांच्या मनात होतं. माझे पाय काढून, मला पेटीत घालून ते महाडजवळच्या वीर स्टेशनला उतरले. रिक्षावाल्याने पेटी उचलली आणि म्हणाला, "मास्तर, शिलाई मशीन घेतलंव काय?" सर नुसते हसले. माझा मात्र अपमान झाला.

सर माझ्यावर बरीच वर्षं शिकत राहिले. त्यांना दीड गाणं येत असे. दारं-खिडक्या लावून वाजवायचे, तरी त्यांच्या पत्नी सरोजबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, शेजारचे घर विकायला काढतील हं!" आणि मग त्याच चहा घेऊन येऊन शेजारी बसायच्या. एका हिवाळ्यात सर गेले. बाईंनी माझ्यावर चादर घातली आणि ती काही काढली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात महापूर आला. खालचा मजला बुडाला. मी माडीवर होते म्हणून वाचले. पाणी ओसरल्यावर माझ्या पाठीवर ओले फोटो, कागदपत्रं, पुस्तकं वाळत पडली. मला त्याचा राग नाही आला. त्या दिवसांत महाडमध्ये कोरडी जागा हीच श्रीमंती होती. पण फोटो वाळले, उचलले गेले, आणि मी टेबलच होऊन राहिले. माझ्यावर बाई कपड्यांना इस्त्री करू लागल्या. दमट हवेने सळ्या गंजल्या, एक तार तुटली, पोलादी कांडी कुठे तरी हरवली. मी गिटार आहे हे हळूहळू मलाही आठवेनासं झालं.

अशात एक दिवस सलोनीने चादर उचलली.

सलोनी खालच्या औषधांच्या दुकानात कामाला होती. दुपारचा डबा ती वर येऊन बाईंबरोबर खायची. माझ्या तारा बघून तिने विचारलं, "काकू, ह्यो बेंजो हाय काय?"

मित्रांनो, तुमच्यापैकी जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इकडे बेंजोशिवाय हळद लागत नाही आणि गणपती जात नाहीत. बेंजो म्हणजे आडवा ठेवून वाजवायचा तारांचा बाजा. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची. सलोनीचे वडील किशोर हे पोलादपूरच्या पलीकडे, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरच्या एका वाडीतले नावाजलेले बेंजोवाले. भाताच्या मळणी यंत्रात त्यांचा डावा हात गेला. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं राहिलं, बाकीची तीन बोटं गेली. बटणं दाबणार कशाने? त्यांनी आपला बेंजो आपल्याच बेंजोपार्टीतल्या अनिलला देऊन टाकला आणि त्यानंतर बाज्याचा विषयच काढला नाही.

आता वैशाखात सलोनीचं लग्न होतं. पंचक्रोशीतल्या किती तरी पोरींची हळद ज्याने वाजवली, तो बाप स्वतःच्या पोरीच्या हळदीला हात झाकून कोपऱ्यात बसणार, हे तिला सहन होत नव्हतं.

"काकू, ह्याला पायात बटणं हायत," ती माझी पेडलं दाबत म्हणाली. "हाताचं काम पायावर भागंल. माज्या बाबांना ह्यो बेंजो जमंल."

आता काय म्हणावं! बेंजोवाल्याच्या पोरीलाच सुचेल अशी चूक. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अगं, मी बेंजो नाही, माझं घराणं वेगळं. पण बाईंनाही माझ्यातलं फारसं कळत नव्हतं. "हे वाजवताना पाय लागतात एवढं मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सर असते तर समजावून सांगितलं असतं. घेऊन जा गं. नुसती इस्त्री करण्यापेक्षा बरं."

सलोनी फुकट न्यायला तयार होईना. तिने जे दिलं ते बाईंनी न बघता देवापुढे ठेवलं. मित्रांनो, जुनं वाद्य घेताना माणसाने सळ्या तपासाव्यात, खुंट्या फिरवून बघाव्यात, चार जाणत्यांना विचारावं. त्या पोरीने यातलं काही केलं नाही. ओढणीने माझी धूळ पुसली आणि मला टेम्पोत चढवलं.

टेम्पो सोमाचा होता. सोमा म्हणजे पार्टीचा ढोलकीवाला आणि किशोरचा जिवलग. वाडीत मला अंगणात मांडलं, बेंजोपार्टीच्या आवाज मोठा करणाऱ्या डब्याला जोडलं. किशोर लांबूनच बघत होते.

"बाबा, या ना. बसा तरी."

"काय करू गो ह्याचं? बटणं कुठं हायत?"

"पायात."

लेकीचं मन मोडू नये म्हणून ते बसले. पेडल दाबलं. मधलं गंजून अडकलेलं, बाकीच्या दोघांनी नुसतं कुईं केलं. राहिलेल्या बोटाने तार दाबायला गेले, पण माझ्या तारा लाकडापासून एवढ्या उंच की त्या दाबल्या जातच नाहीत. ठक्क असा मेलेला आवाज आला. किशोर उठले. "नाय जमायचं," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. सलोनी माझ्याजवळ बसून राहिली. तिचा चेहरा मला बघवला नाही.

सोमा मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, "पोलादपूरच्या ग्रिलवाल्याकडं नेऊ. वरनं भोकं पाडून पट्टी बसवू, पट्टीला बटणं. मोठी बटणं, ती दोरीनं पेडलांना जोडू, म्हंजे पायानं दाबता येतील. सोमवारी नेतो."

भोकं! माझ्या अंगात! इतकी वर्षं जपलेलं लाकूड, त्यात ग्रिलवाल्याचं ड्रिल! एकदा भोकं पडली की मी गिटार उरणार नव्हते आणि बेंजोही होणार नव्हते. भंगारात मात्र गेले असते. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या पोरीची शेवटची आशा गेली असती. मी खरंच घाबरले होते.

मला आता पडवीत आणून ठेवलं होतं. रविवारी सकाळी किशोरची बायको सरिता चहा घेऊन आली आणि सोयीची जागा म्हणून स्टीलचा पेला सरळ माझ्या तारांवर ठेवला. मला अशा वागणुकीची सवय होती. किशोर तिथेच बसले होते. सोमा सकाळीच तारा तपासून गेला होता, आवाजाचा डबा चालूच राहिला होता. जुन्या सवयीने त्यांच्या उजव्या हाताने तार छेडली आणि चहा हिंदकळू नये म्हणून डाव्या हाताने पेला बाजूला सरकवला.

आणि मी गायले.

पेला सरकला तसा सूर सरकला. किशोर दचकले. पुन्हा छेडलं, पुन्हा पेला सरकवला. चहा सांडला, कोणाचं लक्ष नाही. "सरिता," त्यांनी हाक मारली, "सरिता गो, ऐकलंस? ह्याला बोटं नकोतच. ह्याला नुसता हात पायजे." आणि तो धट्टाकट्टा माणूस माझ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मीही मनातून रडले. कित्येक वर्षांनी कोणी तरी मला मी काय आहे याची आठवण करून दिली होती.

सोमवारची फेरी रद्द झाली. त्याऐवजी सोमाने आपल्या टेम्पोच्या जुन्या इंजिनातली पिस्टनची पिन आणून दिली. चांगली जड, आरशासारखी गुळगुळीत. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून सलोनीने ती बाबांच्या अंगठ्याला आणि बोटाला बांधली. माझी हरवलेली कांडी याहून काही फार वेगळी नव्हती. रॉकेल आणि खोबरेल यांनी पेडलं सुटली, तुटलेल्या तारेच्या जागी बेंजोची तार आली. सूर लावायची वेळ आली तेव्हा किशोरनी मला बेंजोसारखंच लावलं, कुठे सा, कुठे प, बास. माझ्या घराण्यात असं कोणी लावत नाही. मी नाक मुरडलं. पण सासरी गेल्यावर सासरची रीत धरावी लागते.

पुढचे दिवस सोपे गेले असं समजू नका. हातात बाजा आयुष्यभर खेळवलेला माणूस, पण माझ्यापुढे बिगरीतला. बेंजोला बटण दाबलं की सूर ठरलेला. माझ्यावर पिन केसभर इकडेतिकडे झाली की सूर भलतीकडे. शेजारचे विचारायचे, "किशोरच्या घरात मांजर कोंडलंय काय?" कुत्रं तर मी वाजू लागले की मान वर करून साथ करायचं. किशोर वैतागायचे, पट्टी सोडून उठायचे, थोड्या वेळाने मुकाट परत येऊन बसायचे. आधी सूर जवळपास येऊ लागला. मग कधी कधी नेमका लागू लागला. तरी लोकांसमोर बसायचं नाव काढलं की म्हणायचे, "माज्या पोरीच्या हळदीत मीच बेसूर झालो तर? नको. अनिल वाजवील."

हळदीचा दिवस आला. अंगणात मांडव, मुंबईहून आलेले पाहुणे, अनिलचा बेंजो आणि सोमाची ढोलकी जोरात. मला पडवीच्या कडेला ठेवलं होतं, डब्याला जोडून. ते सलोनीचं काम. किशोर माझ्यापाशी बसले होते, पण हात उपरण्याखाली.

मग हळद लावायची वेळ झाली. आमच्या वाडीची रीत अशी, की बाया हळदीचं गाणं म्हणू लागल्या की बेंजो थांबतो. त्या गाण्यातले लांब हेलकावे बटणांना जमत नाहीत. राहीबाईंनी सूर धरला. त्या वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, आवाज कापरा पण पल्ल्याचा. बेंजो थांबला, ढोलकी थांबली. राहीबाईंच्या मागे एकेक बाई गळा मिळवू लागली.

किशोरचा हात उपरण्यातून बाहेर आला.

त्यांनी फार हळू छेडलं. राहीबाईंचा आवाज जिथे जायचा, तिथे मी मागोमाग जाऊ लागले. आवाज कापला की मी कापले, तो उतरला की मी उतरले. मित्रांनो, हॉटेलात चमचे थांबायचे ते मी सांगितलंच, पण इथे बायांनी गाणं थांबवलं नाही, उलट आणखी मोकळ्या गायल्या. मला ते जास्त मोठं वाटलं.

एका जागी पिन घसरली. सूर साफ चुकला. किशोरचा हात थबकला. राहीबाईंनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी आपला आवाज त्या चुकलेल्या सुरावर आणून टेकवला, तिथून हळूच उचलला आणि जागेवर नेला. "वाजव रे पोरा," दोन ओळींच्या मध्ये त्या म्हणाल्या, "मी हाय ना." आणि गाणं पुढे गेलं.

गाणं संपल्यावर सलोनी पाटावरून उठली. उठू नये म्हणून बाया ओरडल्या, पण ती पिवळ्या तोंडाने, पिवळ्या हातांनी सरळ आमच्याकडे आली. हळदीत घरच्यांच्या गालाला हळद फासतात. तिने बाबांच्या गालाला नाही लावली. पट्टी बांधलेला तो डावा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि मनगटापासून उरलेल्या बोटापर्यंत आणि नसलेल्या बोटांच्या जागीही हळद लावली. हळद ओघळली आणि माझ्या लाकडावर पडली.

सलोनी आता सासरी आहे. किशोर रोज वाजवतात, अजून चुकतात.

मित्रांनो, तुमच्या घरात असं एखादं जुनं वाद्य चादरीखाली असेल तर चादर काढा. ते काय आहे हे कळत नसलं तरी चालेल, चूक झाली तरी चालेल, पण हात लावून बघा. आमच्या तारा पुसा, सळ्यांना तेल द्या, पावसाळ्यात आम्हाला दमट भिंतीपासून लांब ठेवा. मलाही कोणी पुसायला आलं तर मी आनंदाने पुसून घेईन. फक्त तारांच्या कडेला लाकडावर एक पिवळा डाग दिसेल. तेवढा मात्र पुसू नका.