बधिर करायचे थेंब

डॉक्टरीणबाईंनी कापसाची बारीक वात शालूबाईच्या उजव्या बुबुळाला टेकवली. पापणी हललीसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा टेकवली.

"लागलं काही?"

"न्हाय वो. कायबी कळंना."

डोळ्यात वाढलेलं मांस काढून तीन आठवडे झाले होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, तरी बुबुळावरची जखम भरायचं सोडून खोल खोल खचत चालली होती. असं हजारात एखाद्याला होतं, बाई म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, आकारामला, रागच आला. ते एखादं नेमकं आपल्याच घरात सापडायचं होतं?

"मी दिलेल्या औषधाशिवाय दुसरं काही घातलं होतं?"

"न्हाय," शालूबाई चटकन म्हणाली. नवऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावणं तिला जमणारं नव्हतं.

"मग आत दुसराच काही आजार असणार. त्याचं औषध सुरू करू. पण डोळ्याची खात्री देत नाही."

आकाराम शिरोलीच्या एका वर्कशॉपात वेल्डर होता. वेल्डिंगच्या झळीनं डोळे चुरचुरले, की तिथं सगळे एकाच बाटलीतले थेंब घालायचे. डोळा गार पडायचा आणि माणूस पुन्हा कामाला लागायचा. ऑपरेशननंतर बायको कण्हायला लागली, तेव्हा तेच थेंब त्यानं मायेनं घातले. मग ती मागत गेली, तो घालत गेला. आज निघतानाही घातले होते.

त्यानं खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ह्ये घातलं. म्या घातलं."

"अवं, गप बसा की!"

बाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळं आकारामला जास्तच मेल्यासारखं झालं.

"हे डोळा बधिर करायचे थेंब. यानंच जखम भरत नाही. आता एक थेंबही नाही. फार दुखेल, पण सोसावंच लागेल. तरच डोळा वाचला तर वाचेल."

मोटारसायकलवरनं दोघं घरी आली. आकारामला ना रडू आलं, ना भीती वाटली. नुसतं सुन्न.

दुपारी शालूबाई अंथरुणावर तळमळायला लागली. दिलेली गोळी घेऊनही कळ थांबेना.

"वर्कशॉपातनं आणा की वो. एकच थेंब. तुमच्या पाया पडते."

आकारामनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

"अवं, माणूस हायसा का कोण? लई दुखतंय!"

"दुखू दे," तो म्हणाला, आणि हुंदका फुटला तरी त्यानं हात सोडले नाहीत.