मागचा माणूस

नंदकुमारने बाभळीच्या फांदीवरची लाल फीत सोडली, खांद्यावरच्या पिशवीत कोंबली आणि रुमालासाठी खिशात हात घातला. रुमालाऐवजी हाताला किल्ली लागली, तसा तो जागीच थबकला. टीव्हीची किल्ली! नव्या टीव्हीच्या लाकडी पेटीला सरकती दारं होती, दारांना कुलूप होतं, आणि शेजारच्या पोरांनी बटणं पिळू नयेत म्हणून ते कुलूप त्याने रात्री स्वतःच्या हाताने लावलं होतं. आज रविवार. साडेनऊची मालिका बघायला अख्खी चाळ त्याच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली असणार, कोणीतरी उदबत्तीही लावली असणार, आणि समोर देव कुलपात. पद्मजा, त्याची बायको, आज त्याला उभा सोलणार होती.

मरोळच्या क्रीडा मंडळाची डोंगर दौड दर डिसेंबरात आरे कॉलनीमागच्या टेकड्यांत व्हायची. कौतुक व्हायचं ते पुढे पळणाऱ्यांचं. नंदकुमार परबचं काम अगदी दुसऱ्या टोकाचं. सगळ्यांत शेवटी जो कोणी असेल त्याच्या मागे राहायचं, वाट दाखवणाऱ्या फिती सोडत यायचं, आणि तो शेवटचा आत पोचला की मंडळाच्या भाऊरावांना सांगायचं, झालं, आता रानात कोणी नाही. मंडळात त्याला 'मागचा माणूस' म्हणत. थट्टेनेच म्हणत, पण शर्यत संपते त्या रेषेवरची दोरी भाऊराव सोडत ते त्याच्याच शब्दावर, आणि त्याचा त्याला आतून अभिमान होता.

शेवटी कोण असणार हेही ठरलेलंच. वनमाला घाडी. समोरच्या चाळीत राहणारी, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, चाळिशी उलटलेली. पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून ती तीन वर्षं भाग घेत होती, आणि तिन्ही वर्षं मोठ्या चढाच्या पायथ्याशी येऊन तिचा दम संपला होता. तिथून एक पायवाट डांबरी रस्त्याला उतरते. नंदकुमार तिला त्या वाटेने बसस्टॉपपर्यंत पोचवायचा, बस आली की माघारी येऊन एकटा डोंगर चढायचा. वाटेत ती त्याला कारखान्यातल्या भानगडी रंगवून सांगायची. एका वर्षी तो घसरून पडला, पाय मुरगळला, तर तिनेच त्याला खांदा देऊन रस्त्यावर आणला आणि वर चार दिवस हळदीचा लेप पाठवला.

त्याने पुढे पाहिलं. चढाच्या पायथ्याशी दगडावर वनमाला बसली होती. एक बूट काढलेला, मान खाली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारायची म्हणजे जवळ जायचं, विचारपूस करायची, स्टॉपवर जायचं, आणि आरेतली बस म्हणजे आली तर आली. किल्ली त्याच्या मुठीत होती.

"बसली. नेहमीसारखीच," तो स्वतःशी पुटपुटला, आणि झुडपांतून सरळ रस्त्याकडे सुटला. दुधाचा एक टेम्पो आयता मिळाला.

तबेल्यांजवळच्या मैदानात भाऊराव दोरीपाशी घड्याळ बघत उभे होते. त्यांच्याही घरी टीव्ही होता.

"घाडीबाई?"

"पायथ्याला बसल्या. दरवर्षीचंच."

"बसमध्ये बसवलंस ना?"

"हो."

"आणि वरच्या फिती?"

"उद्या काढतो, भाऊराव. आज जरा घाई आहे."

"घाई कोणाला नाही?" भाऊराव हसले आणि दोरी गुंडाळायला लागले.

चाळीत त्याचं असं स्वागत झालं, जणू दौड त्यानेच जिंकली होती. कुलूप उघडलं, चित्र आलं, बायकांनी हात जोडले. पडद्यावर बाण सुटत होते, बाणांवर बाण आदळत होते. नंदकुमार दाराच्या चौकटीला टेकून बघत होता, पण कानात त्याचाच तो 'हो' घुमत होता. किती सहज निघाला होता तोंडातून! मग त्याने मनाला समजावलं. बाई काही लहान नाही, वाट तिच्या पायाखालची आहे, एव्हाना घरी येऊन चहा घेत असेल. समोरच्या चाळीत जाऊन बघावं, असं दोनदा मनात आलं. दोन्हीदा तो गेला नाही.

सगळे पांगले आणि पद्मजाने पानं घेतली, तेवढ्यात वनमालाचा नवरा सीताराम दारात आला. अंगात घरातलाच बनियन, हाताला ओलं खोबरं लागलेलं.

"परब, आमची ही अजून घराक येवक नाय."

"अजून नाही?" नंदकुमारचा घास हातातच राहिला. "अरे, मी स्वतः रस्त्याला लावून दिलं त्यांना."

हे खोटं त्याने भरल्या घरात, बायकोच्या देखत सांगितलं. पद्मजाने त्याच्याकडे पाहिलं. तो हात धुऊन सीतारामबरोबर निघाला.

बसमध्ये सीताराम खिडकीशी बसला. मुळातच तो कमी बोलणारा माणूस.

"खंयच्या स्टॉपार सोडलंस?"

"त्या... वळणावरच्या. पिंपळाच्या."

"बस इली तेवा तू थंयच होतंस?"

"होतो की."

सीतारामने मान हलवली. त्याचा विश्वास बसला होता, हेच नंदकुमारला सोसेना. त्याने उलटतपासणी केली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने सीताराम आपणहून म्हणाला, "औंदा वरपर्यंत जातलंय म्हणान सांगान गेली ती. सा म्हयने कारखान्याच्या जिन्यान चढा-उतरा करी होती, सुट्टी झाल्यार. माका हसू येय."

म्हणजे ती दम संपून बसलीच नव्हती. बुटात खडा गेला असेल, नाडी सुटली असेल. चढाआधी नीट बांधून घेत असेल. तीन वर्षं तिच्या मागे चालून त्याला एवढं कळू नये? आणि वर काय वाट्टेल ते झालं असेल. वरच्या अंगाला दरड होती, घळ होती. गेल्याच महिन्यात पाड्यातल्या लोकांनी तिथे बिबट्या पाहिला होता. एवढं रान, आणि तिच्या मागे कोणी नाही. मंडळाने ज्याला तेवढ्याच कामासाठी ठेवला होता, तो घरी बसून बाण बघत होता.

ते पायथ्याशी पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दगड रिकामा होता. चढावरच्या फिती जागच्या जागी होत्या. त्या बघून सीताराम थांबला.

"ह्यो कित्याक ऱ्हवल्यो? तू सगळ्यांच्या मागसून काडीत येतंस मा?"

नंदकुमार भराभर चढू लागला. सुकं गवत पायाखाली सटकत होतं, दम लागला होता, डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. देवा, ती धड असू दे, मग मी चारचौघांत सगळं कबूल करतो, असं त्याने मनातल्या मनात कितीदा म्हटलं. मागे सीताराम धापा टाकत येत होता.

अर्ध्या चढावर दोघांनाही एकदम आवाज ऐकू आला. डाव्या हाताच्या घळीतून. बाईचा आवाज, ओरडून ओरडून बसलेला.

सीतारामचा चेहरा उजळला. ओ द्यायला त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि तेवढ्यात शब्द स्पष्ट झाले.

"परबभाऊ! ओ परबभाऊ! कुठे पडलात हो? ओ द्या!"

आवाज थांबला. काठीने झुडपं झोडपल्यासारखी खसखस झाली. मग पुन्हा, आता जरा खालून:

"घाबरू नका, मी आलेय! वर जाऊन आले मी, वरपर्यंत! तुम्ही मागे दिसला नाहीत म्हणून परत फिरले! परबभाऊ!"

नंदकुमार कमरेत वाकून उभा होता. त्याला मान वर करवेना.

सीतारामने हात खाली घेतले. त्याने एकदा घळीकडे पाहिलं, एकदा वर वाऱ्यावर हलणाऱ्या फितींकडे, आणि मग नंदकुमारकडे.

"तुका हाक मारता ती," तो म्हणाला. "ओ दी."