आटे बसले म्हणून घेतलेला प्लग

मी प्लग. साधासुधा नव्हे, इंजिन खाल्लेला प्लग! नदीच्या दोन्ही काठांवर माझी हीच ओळख आहे. माझी बाजू आजवर कुणी विचारली नाही, म्हणून न विचारता सांगतोय. न विचारता सांगितलेलं बरं असतं, हे मला फार महागात कळलंय.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी देखणा होतो. पोलादी अंग, चिनीमातीचं पांढरंशुभ्र डोकं, टोकाशी ठिणगी. आमच्यात थंड आणि गरम असे प्रकार असतात. इंजिनातली धग जो भराभर बाहेर सोडतो तो थंड, जो धरून ठेवतो तो गरम. मी गरम. कुठल्या इंजिनाला कुठला प्लग लागतो ते अंगावरच्या नंबरावरून ठरतं. आटे मात्र आमच्यातल्या बऱ्याच जणांचे सारखेच असतात, आणि घात झाला तो तिथंच.

दुकानात मी आणि माझा जुळा भाऊ एका खोक्यात पडून होतो. एक दिवस नावाडी आला. नदीवर उतारूंची ने-आण करायचा. नावेच्या मागे लटकवलेलं इंजिन चालेल तेव्हा त्याची चूल पेटायची, असा सरळ हिशेब.

"जुन्या इंजिनाचे दोन प्लग द्या," तो म्हणाला.

"नंबर काय?"

"नंबरबिंबर माहीत नाही. एवढे असतात." त्यानं दोन बोटांनी माप दाखवलं.

"जुना आणलाय का?"

"नदीत भिरकावले दोन्ही. मध्यावर बंद पडले मेले, अब्रू घालवली माझी!"

दुकानदारानं खोका पुढे सरकवला. "हे न्या. आटे बसले की झालं."

वा रे वा! चप्पल घेतानासुद्धा माणूस चार पावलं चालून बघतो.

इंजिन वयस्कर होतं आणि बोलकंही. मला आत बसवल्यावर त्यानंच सगळी घरची कहाणी ऐकवली. वीस वर्षं ते नावाड्याच्या थोरल्या भावाच्या हाताखाली चाललं. बापामागे वाटणी झाली, नाव धाकट्याकडे आली, थोरला पैलतीरावर पंप दुरुस्तीला बसला. जाताना तो बोलून गेला, "तुला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. बुडवशील तू ते." झालं, बोलणं बंद. धाकट्यानं पहिलं काम काय केलं, तर दादाची आठवण नको म्हणून इंजिन रंगवून काढलं. झाकण आतूनसुद्धा. बायको म्हणाली होती, "अहो, आत काहीतरी लिहिलंय." तर म्हणे, "दादाचंच अक्षर असणार. फास रंग!"

प्लग आणायच्या आदल्या दिवशीही ती बिचारी म्हणाली होती, "भावोजींना विचारा ना, पलीकडेच तर बसतात." नावाडी उसळला. "त्याच्या दारात जाऊ? जीव गेला तरी नाही."

जीव गेलाच, पण इंजिनाचा.

सुरुवातीला मी काय झकास चाललो म्हणून सांगू! एका झटक्यात इंजिन सुरू, काजळी नाही, धूर कमी. नावाडी मुद्दाम पैलतीराजवळून जोरात वळण घ्यायचा आणि बायकोला सांगायचा, "बघ, अडलं का दादावाचून?" मीही फुशारलो. खोटं कशाला बोलू, कौतुक कुणाला नको असतं?

पण जास्त रेस दिली की धग माझ्या टोकाशी साचायला लागली. ठिणगीची वेळ व्हायच्या आधीच पेट्रोल पेटायचं आणि आतून टकटक आवाज यायचा. बारीक, पण ज्याला कान आहे त्याला कळणारा. मी ओरडत होतो, पण प्लगच्या ओरडण्याला माणसं आवाज म्हणतात आणि सोडून देतात.

अठराव्या दिवशी वारा समोरून होता, नाव भरलेली. बायकोही पलीकडे निघाली होती. नावाड्यानं रेस पूर्ण पिळली. मी लालबुंद झालो. पिस्टनला भोक पडलं आणि ते म्हातारं इंजिन एकदाच कण्हून गप्प झालं. वल्ही मारत कशीबशी नाव पैलतीराला लागली. दोर पकडायला थोरला भाऊ पाण्यात उतरला होता.

त्यानं पाना घेतला, मला बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. माझ्या टोकाला भाजून फोड आले होते.

"गरम प्लग आहे हा," तो म्हणाला. "झाकणाच्या आत नंबर लिहून ठेवला होता मी, तुझ्यासाठी." मग हळूच पुढे म्हणाला, "पंधरा दिवस टकटक ऐकतोय."

"ऐकत होतास?" धाकट्याचा आवाज फाटला. "मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

बायकोच मध्ये बोलली, "शाबास! एकाला विचारायची लाज, दुसऱ्याला सांगायचा कमीपणा. आणि घर बसलं ते माझं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग थोरला म्हणाला, "प्लगच वाईट निघाला." धाकटा लगेच म्हणाला, "हो ना, दुकानदारानं गळ्यात मारला." दोन वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि ते माझ्यावर!

इंजिन भंगारात गेलं, त्यात माझा जुळा भाऊही गेला. नावाडी आता वल्ही मारतो. हाताला घट्टे पडलेत, उतारू अर्धे राहिलेत. बायकोनं मला खिडकीत ठेवलंय, त्याला जेवताना समोर दिसेन असा.

महिन्याभरानं एका उतारूबरोबर पैलतीरावरून कागदाची पुडी आली. आत दोन नवे प्लग होते, थंड, नेमक्या नंबराचे. उतारू सांगत होता, वाटणी झाल्यापासून थोरल्यानं ते खणात जपून ठेवले होते, भाऊ कधीतरी विचारायला येईल म्हणून. नावाड्यानं पुडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि दोन्ही प्लग खिडकीत माझ्या शेजारी ठेवले. पलीकडे मात्र अजून गेलेला नाही.

तेव्हा बाबांनो, प्लग घेताना नंबर बघा. नंबर माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला विचारा, आणि ज्याला माहीत आहे त्यानं विचारायची वाट बघू नये. बाकी मला शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. ते दोघे नवे प्लग माझ्या शेजारीच असतात, चकचकीत, गुणाचे. मी चुकीचा होतो, तरी अठरा दिवस पेटलो. ते एकदाही पेटले नाहीत.