चाकाचं हेलिकॉप्टर

ईट गावच्या गौरीशंकर आप्पांना हेलिकॉप्टरमधलं जेवढं कळत होतं तेवढं अख्ख्या भूम तालुक्यात कुणाला कळत नव्हतं, आणि कुणाला कळायची गरजही नव्हती. माणूस खव्याचा व्यापारी. भट्ट्याभट्ट्यांवरून खवा गोळा करायचा, टेम्पोत भरायचा आणि सोलापूर-पुण्याला धाडायचा, एवढाच काय तो आकाशाशी संबंध. पण गेलं वर्षभर आप्पांच्या दुकानात खव्याचा भाव विचारायला गेलेल्या माणसाला आधी हेलिकॉप्टरांचे प्रकार ऐकून घ्यावे लागत. भाव मग कधीतरी कळायचा.

ह्या वेडाचं मूळ एका लिंबात होतं. खोटं वाटेल, पण लिंबातच.

आपल्याकडं नवी गाडी असो की नवरीची गाडी, चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय हलत नाही. गाडी म्होरं गेली, लिंबू फट्ट फुटलं, की नजर गेली, विघ्न गेलं, आता खुशाल जावा. गेल्या वर्षी खताच्या दुकानवाल्या बंडप्पानं पोरीची पाठवणी हेलिकॉप्टरनं केली. बंडप्पा आणि आप्पा शाळेपासूनचे वैरी. एकानं बोअर पाडला की दुसरा त्याच्यापेक्षा खोल पाडणार, मग पाणी लागो न लागो. तर बंडप्पाच्या समृद्धीला न्यायला हेलिकॉप्टर आलं, तीन गावं बघायला लोटली, जंगमस्वामींनी पूजा केली आणि बंडप्पानं रीतीप्रमाणं लिंबू ठेवलं. आता त्या हेलिकॉप्टराला चाकं कुठली? खाली दोन आडव्या पायपा. ते गरगरलं आणि उठलं सरळ वर. लोकांचे फेटे उडाले, मांडवाची झालर उडाली, आणि धुरळा बसल्यावर बघतात तर चुन्यानं काढलेल्या गोलात लिंबू आपलं जसंच्या तसं, हिरवंगार.

दिवाळीच्या आधीच समृद्धी बॅग घेऊन माहेरी परत आली. नवरा हात उगारायचा, सासऱ्याला मोटार पाहिजे होती. हे सगळ्या ईटला ठाऊक होतं. पण आप्पांचं निदान वेगळं होतं, आणि ते त्यांनी बसस्टँडवरच्या हॉटेलात, शेजारच्या बाकावर बंडप्पा बसलेला असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"फुटलं न्हाय लिंबू! आन् फुटंल कसं? बेल दोनशे सहा! एक इंजिन, खाली पायपा. अरं, एका बैलाच्या गाडीत कुणी नवरी घालतंय का?"

लोक हसले. बंडप्पानं चहाची बशी खाली ठेवली आणि उठून गेला. आप्पांना वाटलं, जिरवली! असल्या गोष्टींची चव तोंडात फार दिवस राहते. वर्षभर त्यांनी ती चघळली.

आणि मग त्यांच्या शिवानीचं ठरलं. स्थळ तामलवाडीचं, तुळजापूर तालुक्यातलं. पोराचं नाव नंदीश, दिसायला देखणा, पुण्याला कंपनीत. घरी शेती, दारात मोटार. बघाबघी झाली, पानसुपारी झाली आणि आप्पा चौकशीला लागले.

कसली चौकशी? अहो, हेलिकॉप्टरची!

देशात जेवढी विमानं आणि हेलिकॉप्टरं नोंदलेली आहेत त्यांची सगळी माहिती सरकारच्या साइटवर असते, हे आप्पांना कुणीतरी सांगितलं. झालं! माणूस चष्मा लावून मोबाइलमध्ये जो शिरला तो बाहेर यायला तयार नाही. कोणतं यंत्र कुठल्या साली बनलं, कुणाच्या नावावर, एक इंजिन का दोन, पिस्टनचं का टर्बाइनचं. पिस्टनवाल्यांना ते तुच्छतेनं "आपल्या हिरीवरच्या इंजिनाची भावंडं" म्हणत. शेवटी त्यांना हवं ते सापडलं. ऑगस्टा एकशे नऊ. दोन इंजिनं. आणि खाली, देवाची कृपा, चाकं! खरीखुरी, रबरी, फिरणारी तीन चाकं.

"चाकं पोटात असत्यात," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "उतराय लागलं की भाईर येत्यात. मग जमिनीवर गाडीवानी चालतंय. लिंबू न्हाय, नारळ ठेवला तर नारळ फुटंल."

हेलिकॉप्टर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या माणसाला त्यांनी सळो की पळो करून सोडलं. तेल कधी बदललं? इंजिनं किती तास पळाली? मधी एखादं बंद पडलं तर दुसरं ओढतंय का? नंबर सगळ्यांचा 'व्हीटी'नंच सुरू होतो कळल्यावर आप्पा चिडले. "हे कुठलं पासिंग? आमाला एमएच पंचवीस मिळंल का? जास्तीचे पैसे देतो." त्या बिचाऱ्यानं फोन ठेवला आणि बहुतेक कपाळाला हात लावला.

बायकोनं, शिवम्मानं, एकदा भाकरी वाढता वाढता विचारलं, "पोरगं कंपनीत म्हंजे नेमकं काय करतंय वो?"

"मोठी कंपनी हाय."

"व्हय, पर काय करतंय?"

"आगं, प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन हाय, दोन दोन! तू कशाला घोर करतीस?"

शिवानी पलीकडं बसली होती. बार्शीच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेली पोरगी, बोलायची कमी. ती म्हणाली, "आप्पा, पुण्यात कुणाला तरी विचारून बघा की त्यांच्याबद्दल. फोनवर माझ्याशी धड बोलत पण नाहीत. सारखं हेलिकॉप्टरचंच विचारतात."

"मग? जाणकार पोरगं हाय!" आप्पा खूश झाले आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

लग्न झालं थाटात. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि ऊन कलल्यावर हेलिकॉप्टरचा आवाज आला. शाळेचं मैदान माणसांनी फुललं होतं. फायर ब्रिगेडची गाडी एका अंगाला, पोलीस दुसऱ्या अंगाला. आप्पा गुलाबी फेटा बांधून मधोमध उभे, एका हातात निवडून आणलेलं पातळ सालीचं लिंबू. त्यांनी गावाला आधीच पढवून ठेवलं होतं, त्यामुळं झाडून सगळे त्या यंत्राच्या पोटाकडं बघत होते. आता चाकं येतील, मग चाकं येतील.

चाकं आलीच नाहीत. खाली टेकल्या त्या दोन पायपा.

पंखा थांबला. आणि मग मागून बंडप्पाचा आवाज आला. खरं तर आमंत्रण त्याला जळवायलाच दिलं होतं, आणि तो आला होता. "आप्पा, हे तर आमचंच हाय की. नंबर वळखला म्या. समृद्धीला नेलं ते हेच."

हसू जे फुटलं मैदानात, ते पार वेशीपर्यंत गेलं असेल. आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पायलट खाली उतरला, गॉगल काढला आणि शांतपणे म्हणाला की चाकवालं दुरुस्तीला गेलंय, बदली हे पाठवलंय, तुमच्या मोबाइलवर सकाळीच मेसेज टाकलाय.

"मेसेज? म्या दोन इंजिनाचं ठरवलं हुतं! चाकाचं!"

"काका, हे पण चांगलं आहे. बसा लवकर. सूर्य मावळायच्या आत मला तामलवाडीला उतरायचंय. नंतर परवानगी नाही."

खरं तर पोरीला बसवायचं आणि हात जोडायचे, विषय संपला होता. पण वर्षभर हॉटेलात बसून जे गावाला शिकवलं होतं ते आता गाव विसरायला तयार नव्हतं. लिंबू तसंच राहिलं तर उद्या त्याच बाकावर कोण काय बोलेल ते आप्पांना शब्द न् शब्द पाठ होतं, कारण ते त्यांचेच शब्द होते. आणि खोटं कशाला बोला, सांगून सांगून त्यांचा स्वतःचाही त्या लिंबावर विश्वास बसला होता. पोरीचं काही वाईट झालं तर?

"असं करा सायेब," ते पायलटला म्हणाले, "जरा म्होरं सरकवून घ्या. हातभरच."

"हे सरकत नाही, काका. हे वर जातं."

"मग वर उचला जरासं. म्या खाली लिंबू ठेवतो, मग हळूच टेकवा त्याच्यावर. फुटलं की झालं."

पायलटानं त्यांच्याकडं नीट बघितलं. "चालू पंख्याखाली तुम्ही येणार? लिंबू घेऊन?"

"मग तुमी ठेवा!"

जंगमस्वामींना विचारलं, तर ते म्हणाले शास्त्रात हेलिकॉप्टरचा उल्लेख नाही. कुणी म्हणालं हातोडीनं फोडा. कुणी म्हणालं दहा गडी लावून मागून ढकलू. ऊन शाळेच्या कौलावरून खाली उतरत चाललं होतं आणि शिवानी शालूत, मुंडावळ्यांत, घामाघूम होऊन उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नाही, पाणीही दिलं नाही.

"लिंबू फुटल्याबिगर माझी पोरगी बसणार न्हाय!" आप्पांनी जाहीर केलं.

तेव्हा नंदीशची आई, इरम्मा, म्होरं आली. "मग आमी काय करावं? तिकडं समदं गाव हेलिपॅडवर उभं हाय. बँड लावलाय. रिकामं गेलं तर आमचं नाक ऱ्हाईल का?"

नंदीशनं घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं. शिवानीकडं मात्र बघितलं नाही. "मामा, असं करू. आमी म्होरं व्हतो. तिला मागनं गाडीनं धाडा."

एवढं बोलून तो चढला की! मागोमाग इरम्मा चढली, तिचा भाऊ चढला, आणि उरलेल्या जागेवर फोटोग्राफर. दार लागलं. पंखा गरगरला, गुलाबी फेटा उडून फायर ब्रिगेडच्या गाडीवर जाऊन बसला, आणि नवरीला मैदानात सोडून नवरदेव आकाशात गेला. वर जाताना तो मोबाइल धरून स्वतःचंच शूटिंग घेत होता. खाली आप्पांच्या हातात लिंबू जसंच्या तसं.

आता एखाद्या बापाचं काळीज चरकलं असतं. आप्पांना काय वाटलं? सुटलो! त्यांच्या तोंडावर हसू आलं. "बरं झालं! गाडीला चाकं असत्यात!" आणि ते ओरडत सुटले, "व्यंकट! आरं व्यंकट, टेम्पो आण!"

व्यंकट आप्पांचा ड्रायव्हर. त्यानं खव्याचा टेम्पो धुऊन, त्याला मांडवाची झालर आणि झेंडूच्या माळा बांधून आणेपर्यंत बराच वेळ गेला. तरी खव्याचा वास काही गेला नाही. शिवानीला पुढं बसवलं. आप्पांनी स्वतः वाकून, धोतर सावरून, चाकाखाली लिंबू ठेवलं. टेम्पो घुर्रघुर्र करून हलला आणि फट्ट! आवाज कसा खणखणीत आला. आप्पांनी टाळी वाजवली.

"फुटलं! बंडप्पा, बघा, फुटलं!"

बंडप्पा हसला नाही. जवळ आला, आप्पांच्या डोळ्यांत बघत हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, जावई कंपनीत काय करत्यात?"

आप्पांनी तोंड उघडलं. इंजिनांचे तास आठवले, साल आठवलं, चाकांची हवासुद्धा आठवली. जावयाबद्दल 'मोठी कंपनी' ह्यापलीकडं काही म्हणता काही आठवेना.

"म्या बी इचारलं नव्हतं," बंडप्पा म्हणाला. "पायलटाला मातर लई इचारलं हुतं."

एवढ्यात आप्पांचा फोन वाजला. नंदीश होता. मागं बँडचा दणदणाट. "मामा, पोचलो! लई भारी! व्हिडिओ बघा, टाकलाय म्या!" आणि फोन बंद.

टेम्पो थोडा पुढं जाऊन थांबला होता. शिवानी पिशवी घेऊन खाली उतरली. शालूचा घोळ हातात धरून, फुटलेल्या लिंबाच्या बाजूनं चालत बापासमोर आली.

"त्यांचा फोन होता?"

"व्हय."

"माझं विचारलं?"

आप्पांनी मान खाली घातली.

"मग मी आज जात नाही," शिवानी म्हणाली. आवाज चढला नाही, डोळे मात्र भरले होते. "येऊ द्या त्यांना न्यायला, रस्त्यानं. नाही आले तर तेही कळंल. तवर तुम्ही पुण्याला जाऊन चौकशी करा, आप्पा. हेलिकॉप्टरची केली तशी."

ती घराकडं निघाली. बायकांच्या घोळक्यातून समृद्धी पुढं आली आणि तिनं शिवानीच्या हातातली पिशवी घेतली. दोघी मिळून मैदानाबाहेर गेल्या.

आप्पा फेटा नसलेलं डोकं खाजवत बंडप्पाजवळ गेले.

"बंडप्पा," ते म्हणाले, "पुण्यात तुमच्या वळखीचं कुणी हाय का?"