आशाच्या आईची साक्ष

आशा जळाली ती पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, एकलहऱ्याला, सासरी. चतुराबाई तेव्हा दिंडोरीकडच्या एका मळ्यात द्राक्षांच्या छाटणीवर होती. निरोप मिळाला तशी ती आणि नवरा सहादू मिळेल त्या गाडीने नाशिकच्या सिव्हिलला पोचले.

मॅजिस्ट्रेटनी आशाचा जबाब आधीच घेतला होता. स्टोव्ह भडकला, एवढंच ती म्हणाली होती. तिची सासू झुंबरबाई तेव्हा तान्ह्या ज्योत्स्नाला कडेवर घेऊन दाराशीच उभी होती. सहादू औषधं आणायला गेला, सासू चहाला गेली, तेव्हा कुठे आशा आईला म्हणाली, "ह्यांनीच रॉकेल ओतलं, आई. पोरीपायी खोटं बोलले मी." सकाळी ती गेली. ते बोलणं चतुराबाईखेरीज कोणीच ऐकलं नव्हतं.

जावई दत्तूवर खटला झाला. आधी तो नाशिकरोडच्या कोर्टात होता. खुनाचा गुन्हा तिथं चालत नाही म्हणून नाशिकला सेशन कोर्टात गेला. तिथं न्यायाधीश बदलले, सरकारी वकीलही बदलले, आणि सहा वर्षं गेली. दत्तू जामिनावर सुटून कामाला लागला. ज्योत्स्ना त्याच्याकडेच वाढत होती आणि चतुराबाईला तिचं तोंडही बघू देत नव्हते.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात दत्तू जवळ आला. "मामी, काही ऐकलं नाही म्हणा. संध्याकाळी पोरीला घेऊन जा. मी आडवा येणार नाही."

समोरच्या बाकावर झुंबरबाई बसली होती. शेजारी ज्योत्स्ना, आशासारखंच कपाळ. पोरीला मुद्दामच आणलं होतं.

सहादूने बायकोचा हात धरला. "आशा काय परत येती का? पोरगी तरी घे."

चतुराबाई सरकारी वकिलांकडे गेली. "साहेब, माझी नात मला द्या म्हणून सांगा ना जजसाहेबांना."

"ते इथं नाही होत, आजी. मुलाच्या ताब्याचं कोर्ट वेगळं."

"मग माझं इथं काय हाय? केस माझ्याच पोरीची ना?"

"केस सरकारची. तुम्ही साक्षीदार." तेवढ्यात पुकारा झाला आणि ते आत गेले.

पिंजऱ्यात उभं राहून तिने शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, "आशा तुम्हांला काय म्हणाली?"

उघड्या दारातून बाकावरची पोर दिसत होती. चतुराबाई तिच्याकडेच बघत राहिली, तेव्हा न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं.

"बाई, जे ऐकलंत ते सांगा."

तिने सांगितलं. आशाचेच शब्द, जसेच्या तसे.

दत्तूचे वकील उठले. "नात मिळावी म्हणूनच हे रचलंत ना?"

"नात तर न बोलण्यापायी मिळत व्हती," ती म्हणाली. व्हरांड्यातलं ते बोलणं ऐकणारा दुसरा होता फक्त सहादू. त्याची साक्ष झाली तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "मला काय ठावं नाय."

आशाचा स्वतःचा जबाब आणि आईची साक्ष जुळेना. संशयाचा फायदा मिळून दत्तू सुटला. वर मुंबईला, हायकोर्टात जायचं तर सरकारने जायला हवं होतं. सरकार गेलं नाही.

त्यानंतर मोफत सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंनी तिचा नातीसाठीचा अर्ज जिल्हा न्यायालयात घातला. आवार तेच, खोली दुसरी. इथले न्यायाधीश मायाळू होते. त्यांनी ज्योत्स्नाला आपल्या दालनात बोलावलं, बिस्किट दिलं, आणि आजीकडे जाशील का म्हणून विचारलं.

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "ही बाई माझ्या पप्पांना फाशी देणार होती."

ताबा दत्तूकडेच राहिला. महिन्यातून एका शनिवारी आजीने नातीला कोर्टातच भेटावं, असा हुकूम झाला. सहादू या कोर्टात एकदाही आला नाही. त्या साक्षीनंतर दोघं एका घरात राहत, पण तिने वाढलेलं तो मुकाट्याने खाई आणि उठून जाई.

पहिल्या शनिवारी चतुराबाई पेरू चिरून, मीठ लावून घेऊन गेली. झुंबरबाई नातीला सोडून दारापाशी थांबली. ज्योत्स्ना बाकाच्या पार टोकाला बसली. पेरूला तिने हात लावला नाही. बराच वेळ ती पायातली चप्पल काढत राहिली, घालत राहिली. मग एकदम म्हणाली, "तू कोर्टात खोटं बोललीस?"

चतुराबाईने तिच्याकडे पाहिलं. या पोरीला इथून उठून त्याच घरी जायचं होतं. रात्री त्याच माणसाच्या ताटाशेजारी जेवायला बसायचं होतं.

"कोण म्हणतं असं?"

"आजी म्हणते. सांग ना, बोललीस?"

"व्हय," चतुराबाई म्हणाली. "खोटंच बोलले मी. तुझ्या पप्पांनी काय नाय केलं."

ज्योत्स्नाने मान डोलावली. तिचे आवळलेले खांदे सैल झाले. ती थोडी पुढे सरकली आणि तिने पेरूची एक फोड उचलली.