अच्युत हरिपूरपर्यंत आलाय

माझा धाकटा भाऊ अच्युत डॉक्युमेंटरीत राहतो. कुठल्या एकीतच नाही, बऱ्याच फिल्मांत. पण जी डॉक्युमेंटरी कुणीतरी कुणाला तरी मनापासून सुचवलेली असते, तिच्यातच तो दिसतो. आपली आपण शोधून बघितली तर नसतो. मी करून बघितलंय. शेजारच्या मगदूम वहिनींना ज्या जागी तो उकिडवा बसलेला दिसला, तिथं मला एक दगड दिसला. बराच वेळ बघत बसले मी त्या दगडाकडे. दगडच होता.

तो आवाज घेणारा. शूटिंगला जायचा, लांब दांडीला माइक लावून कॅमेऱ्याच्या बाहेर उभा राहायचा. इतकी वर्षं काम केलं, पण कधी चुकून त्याचा कोपरसुद्धा फ्रेममध्ये आला नाही. मग लडाखात लोकर कातणाऱ्या एका म्हातारीला बोलता बोलता ठसका लागला. कुणी उठेना, तेव्हा हा पाण्याची बाटली घेऊन आत गेला. तिला पाणी पाजलं, पाठ चोळली, आणि मग फ्रेमच्या बाहेर यायची कड काही त्याला सापडली नाही. बरोबरचे लोक गाडी घेऊन परत आले. त्याची बॅग माझ्या हातात दिली, चहा घेतला.

"आत आहे तो," म्हणाले. "चांगला आहे."

चांगला आहे म्हणे! याला साधं वरण उतू चाललं तरी कळत नाही, गॅस ताईनंच बंद करायचा. आणि हा लडाखात चांगला आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो घरात. मला तो परत हवा होता, एवढंच. बाकी कशाचं मला काही पडलं नव्हतं.

तर मी डॉक्युमेंटरी सुचवायला लागले. आमची कॉलनी सांगलीत, विश्रामबागेत. शेजारी मगदूम वहिनी, त्यांच्या पलीकडं शेख सर, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. आधी मी या दोघांना धरलं. मग दूधवाला, शिंपी, लाँड्रीवाला, जो भेटेल तो. लोक काय विचारतात? "काही बघण्यासारखं आहे का हो?" बास, एवढं विचारलं की मी सुरूच.

पण खोटं सुचवून चालत नाही. एकदा घाईत होते, तर शेख सरांना बर्फातल्या पक्ष्यांची एक फिल्म सांगितली, नुसती बक्षिसं बघून. मला स्वतःला ती अजिबात आवडली नव्हती. मिनिटामिनिटाला व्हायोलिन, रडा रडा म्हणून. अच्युत तिच्यात नव्हताच. आणि पुढच्या फिल्ममध्ये दिसला तो लंगडत. मला इतकं वाईट वाटलं की दोन घास जाईनात. तेव्हापासून जी बघताना माझाच चहा गार झाला असेल, तीच मी सांगते. कॅमेरा घाई करत नाही अशी. माणसं कामात असतात, आणि आपल्याकडं कुणी बघतंय हे विसरून जातात अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभी असायची.

"वहिनी, बघितलीत?"

"बघितली की. काय ते उंट गं!"

"उंट राहू द्यात. हा कसा होता?"

"बरा होता. मागं शेकोटीजवळ बसलेला. दाढी वाढलीय."

"स्वेटर होता का अंगात?"

"आता राजस्थानात स्वेटर कशाला लागतोय, प्रमिला?"

राजस्थानात. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. लोकरीची फिल्म लडाखातली, उंटांची राजस्थानातली. फिल्म संपली की नावं वर सरकायला लागतात ना, त्यांच्यामागून हा चालायला लागतो आणि कुणीतरी पुढची लावली की तिथं पोचतो. म्हणजे मी जी सुचवेन तो त्याचा रस्ता. मग मी नकाशा बघूनच सुचवायला लागले. उंटांनंतर कच्छातले मीठ पिकवणारे. मग कोकणात होड्या बांधणारे सुतार. शिंप्याला ती एवढी आवडली की त्यानं सासुरवाडीला सांगितली, आणि अच्युत तिथंच रेंगाळला. मी शिंप्याला म्हटलं, "जरा दम खा बाबा, त्याला घाट चढायचाय." मग सह्याद्रीतले मध काढणारे. त्यात तो कड्याखाली उभा राहून वर बघत होता, असं लाँड्रीवाला सांगत होता. अंगावर माशा बसलेल्या, पण हलला नाही. आवाज बिघडेल म्हणून.

आणि मग मला हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरची एक जुनी फिल्म सापडली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड अरुंद, आत अख्खी खोली. हळद भरायची आणि वरून माती लावून बंद करायची. हरिपूर इथून रिक्षानं जाण्याइतकं. ती मी शेख सरांनाच सांगितली, कारण सर नीट बघतात.

सकाळी सर स्वतः आले. फाटकाशी न थांबता आत येऊन बसले.

"पेवात आहे," म्हणाले. "तळाशी. अंगभर पिवळा झालाय. माझ्याशी बोलला."

आजवर तो कुणाशी बोलला नव्हता. मी सरांसमोर स्टुलावर बसले.

"म्हणाला, ताईला सांगा, पुढं फिल्मच नाही. विश्रामबागेवर कुणी काढलेली नाही. आपल्या घराची काढायला सांगा. शेवटी खोलीची शांतता घ्यावी लागेल. ती नीट मिळाली की मी पडद्यातून खाली उतरतो."

शांततेचं मला माहीत होतं. त्यांच्या कामात तशी रीतच आहे. शूटिंग संपलं की आवाज घेणारा सगळ्यांना आहे तिथं उभं करतो, गप्प करतो, आणि त्या खोलीचं नुसतं गप्प असणं रेकॉर्ड करतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. एकीची दुसरीला चालत नाही. अच्युत मला शिकवायचा तेव्हा मी हसायची. म्हणायची, "आणि याचे पैसे देतात तुला?"

फिल्म मगदूम वहिनींनी काढली, त्यांच्या मोबाइलवर. मी काढून उपयोग नव्हता. आपली आपल्याला सुचवता येत नाही. वहिनी दिवसभर माझ्या मागं मागं. मी भांडी घासतेय, कपडे वाळत घालतेय, मेथी निवडतेय.

"बघण्यासारखं काय आहे गं तुझ्यात?" वहिनी कुरकुरल्या. "एकटीच बडबडत असतेस."

"मी कुठं बडबडते?"

"आता मेथीला काय म्हणत होतीस? अच्चूला आवडत नाही म्हणून तुला आणत नाही फारशी, असं म्हणालीस मेथीला."

मला ठाऊकच नव्हतं मी असं बोलते ते. वहिनी घरी गेल्या. मला धाकधूक होती, कारण त्यांना ती खरंच आवडायला हवी होती. वहिनींना तोंडदेखलं बोलता येत नाही. सख्ख्या बहिणीच्या पुरणपोळीला नावं ठेवणारी बाई ती. तासाभरानं पदरानं नाक पुसत आल्या.

"प्रमिला, बघच ती. मी सांगते म्हणून बघ."

अख्ख्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी एखादी फिल्म सुचवत होतं. मी वहिनींना मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीला मोबाइल जोडला. मी, वहिनी आणि सर. फिल्ममध्ये माझं स्वयंपाकघर आलं, मेथी आली, आणि फ्रिजच्या शेजारी अच्युत उभा होता. मी मान वळवून मागं बघितलं, खरोखरच्या स्वयंपाकघरात. तिथं कुणी नव्हतं. परत टीव्हीत बघितलं, होता. डोक्याला हेडफोन, हातात दांडीचा माइक, माइकवर वाऱ्यासाठी घालतात ते केसाळ टोपडं. बोटं हळदीनं पिवळी. गालफडं बसलेली. शर्ट खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता. त्यानं एक बोट वर केलं. म्हणजे आता शांतता.

मी दात घट्ट आवळले. खरंच आवळले होते.

"अगं बाई गं, किती वाळलास रे!"

मीच बोलले ते. दुसरं कोण बोलणार? अच्युतनं डोळे मिटले. चिडला नाही तो. लहानपणी मी त्याचा कान पिरगाळला की जसा हसायचा तसा थोडा हसला.

"ताई, परत घ्यावं लागेल," म्हणाला. आणि पडदा पिवळा झाला. वहिनींनी परत परत लावून बघितली. फ्रिजच्या शेजारी फक्त केरसुणी.

"गेला परत पेवात," सर म्हणाले.

मी खूप रडले. एवढं लडाखापासून चालत आलेलं पोर, आणि मला चार क्षण तोंड बंद ठेवता आलं नाही. वहिनी पाठीवरून हात फिरवत होत्या. "बहीण आहेस गं," म्हणाल्या. "तू नाही म्हणणार तर कोण म्हणणार?" पण वहिनींचं सुचवणं आता वापरून झालं होतं. नीट बघणारे असे उरले शेख सर. आणि सरांना तर काहीच चटकन आवडत नाही. शाळेत त्यांनी कुणाच्या चित्राला नुसतं 'ठीक' म्हटलं तरी मुलं घरी जाऊन पेढे मागायची.

सरांनी मोबाइल घरी नेला. तिसऱ्या दिवशी आले ते पुन्हा आत येऊन बसले.

"लांब झालीय," म्हणाले. "आधी मेथीपर्यंत होती. आता पुढं आपण तिघं बसलेले दिसतो. तुम्ही मागं वळून बघता. आणि मग ते बोलता."

"तेवढं कापून टाका की, सर."

"कापू नका. मेथीपर्यंत मला ती तशी सामान्यच वाटली. पण तुम्ही 'वाळलास' म्हणता ना, तिथं मी थांबलो. परत लावली, परत लावली." सरांनी चष्मा काढला. "बघण्यासारखी आहे, प्रमिलाताई. तुम्ही बघावी असं मला मनापासून वाटतं."

या वेळी आम्ही सगळी तयारी केली. पंखा बंद. फ्रिजची पिन काढली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. नळाखाली फडकं घातलं, कारण तो ठिबकतो. वहिनींनी बांगड्यांवर रुमाल गुंडाळला. सरांनी खोकल्याची गोळी तोंडात धरली. शिंप्यानं मशीन थांबवलं, दूधवाल्यानं गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. लाँड्रीवाला दाराबाहेर उभा राहून गल्लीतल्या माणसांना हातानंच गप्प करत होता, आणि माणसं चपला हातात घेऊन चालली होती. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

मेथी आली आणि गेली. आम्ही तिघं आलो. टीव्हीतली मी मागं वळले, टीव्हीतली मी बोलले. आणि त्याच्यानंतर तो आला. फ्रिजपाशी नाही. तो स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत आला होता, टीव्हीतल्या आमच्या मागं येऊन उभा होता. मी वळून बघितलं नाही. आणखीच वाळला होता. काही म्हटलं नाही मी. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण त्याचा आवाज होत नाही.

त्यानं बोट वर केलं.

इतकी शांतता मी आमच्या घरात कधी ऐकली नव्हती. ती आमचीच होती, मला लगेच ओळखू आली. आई दुपारी झोपली की आम्ही दोघं फरशीवर पोटावर पडून पत्ते खेळायचो, पत्ता टाकतानाही हळूच, तेव्हाची.

अच्युतनं कपाळाला आठी घातली. एका हातानं हेडफोन दाबला.

"अजून काहीतरी वाजतंय," म्हणाला.

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून उशीखाली सारलं. वहिनींनी श्वास धरला. अच्युत मान हलवत राहिला. माइक हळूहळू फिरवत होता, खिडकीकडं, दाराकडं, मग खाली. मग थांबला.

"ताई," तो म्हणाला. "तू आहेस ती."

मी तोंडातला बोळा काढून दाखवला. हात वर करून दाखवले. मी बोलत नव्हते, हलतसुद्धा नव्हते.

"छातीत," तो म्हणाला. "फार जोरात वाजतंय गं."

मी छातीवर तळहात दाबला. दाबल्यानं ते आणखीच जोरात झालं, मलाही ऐकू यायला लागलं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. सर खाली बघत होते. मला ते थांबवता येईना आणि मी त्याच्याकडं बघितलं, लहानपणी तो माझ्याकडं बघायचा तसं, आता काय करायचं म्हणून.

"राहू दे," अच्युत म्हणाला. "ते या खोलीचंच आहे. हात काढ."

मी हात काढला. तेव्हा टीव्हीच्या काचेतून माइकचं केसाळ टोक बाहेर आलं, पिवळं, हळदीची भुकटी सांडत. मागून दांडी येत राहिली. वहिनींच्या डोक्यावरून आली, सरांच्या खांद्यावरून आली, आणि माझ्या छातीवर येऊन अलगद टेकली. काचेच्या पलीकडं अच्युत डोळे मिटून ऐकत होता.